एका विद्यार्थिनीची बॅच

भिलाईत दहावी झालेल्या मुलाला कुणी ‘कसा आहेस’ असं विचारत नाही. ‘कोचिंग कहाँ?’ असं विचारतात आणि उत्तरावरून तो कसा आहे ते ओळखतात. संध्याकाळी सिव्हिक सेंटरला चक्कर मारा. मॉड्यूलांनी फुगलेल्या बॅगा, स्कूटींच्या रांगा आणि भिंतीभिंतीवर गेल्या साली ‘लागलेल्या’ मुलांचे रँकसकट पासपोर्ट फोटो. ४ फेब्रुवारी १९५९ ला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली, तेव्हापासून हे गाव पोलाद काढतंय. आयआयटीला पोरं पाठवणं हा त्याचा जोडधंदा. शेवटी पोरं जाऊन जाऊन दमली असतील असं वाटलं की काय, २०१६ मध्ये आयआयटीच आमच्याकडे आली. आधी रायपूरला बिऱ्हाड केलं, आता कुटेलाभाठ्याला स्वतःच्या घरात राहते.

अशा गावात आम्ही मुलीला आठवीनंतर शाळेतून काढलं. का काढलं, ती कहाणी लांब आहे आणि दर वेळी सांगताना मी तिच्यात थोडा जास्त शूर होत जातो, म्हणून गाळतो. शिक्षण हक्काचा कायदा सहा ते चौदा वयापर्यंतचा. तो ओलांडून आम्ही राष्ट्रीय मुक्त विद्यालयात, म्हणजे एनआयओएसमध्ये नाव घातलं. पाच विषय, पाच वर्षांची मुदत आणि नापास झाल्यास एकूण नऊ संधी. ते वाचून कन्या म्हणाली, “बाबा, तुम्ही शिकवणार हे यांना आधीच कळवलं होतंत का?”

मला मात्र माझ्याविषयी शंका नव्हती. व्ही. के. बन्सल कोण होते? कोट्याच्या जे. के. सिंथेटिक्समधले इंजिनिअर. स्नायूंचा आजार बळावला तसे घरच्या जेवणाच्या टेबलावर मुलांना शिकवू लागले आणि त्या टेबलातून अख्खी कोचिंगनगरी उभी राहिली. तेही कारखान्यातले, मीही कारखान्यातला. टेबल आमच्याकडेही होतं. शिवाय मुंबईच्या मालविका जोशीचं उदाहरण मी येईल त्याला ऐकवत असे: शाळा सोडून घरी शिकली, इन्फर्मेटिक्स ऑलिंपियाडची तीन पदकं घेतली, बारावीचा कागद नाही म्हणून आयआयटीचं दार बंद, तर २०१६ मध्ये थेट अमेरिकेत एमआयटीला गेली. मी हे सांगत असताना बायको हळूच विचारायची, “त्या मुलीला शिकवायला तिच्या बाबांनी रजा टाकली होती का हो?”

दहावी निभावली. अकरावीला सायन्स घेतल्यावर मात्र आमच्या मंडळाच्या गणपतीत एका काकूंनी गाठलं.

“क्लास कुठला लावला?”

“नाही लावला. घरीच.”

“अच्छा, डमी!” काकू समाधानाने म्हणाल्या आणि प्रसादाकडे वळल्या.

अनभिज्ञांसाठी सांगतो. डमी म्हणजे एखाद्या शाळेच्या पटावर नाव ठेवायचं, तिथे पाऊल टाकायचं नाही आणि दिवसभर कोचिंगला बसायचं. सीबीएसई पंच्याहत्तर टक्के हजेरी मागतं, शाळांवर अचानक छापे घालतं, मान्यता काढून घेतं. तरी हे चालू आहे. म्हणजे मुलाने शाळेत न जाणं या गावाला मुळीच खटकत नाही. फक्त त्या न जाण्याची फी भरलेली असली पाहिजे. आमची मुलगी फुकट जात नव्हती, हा खरा अपराध.

त्या रात्री मला पहिल्यांदा धडधडलं. क्लास लावावा का? लावायचा तर कशाचा? आणि लावला तर इतकी वर्षं ‘आम्हाला गरज नाही’ म्हणून मिरवलं त्याचं काय? सगळ्यात अडचणीचं होतं केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल. एनआयओएसच्या बारावीत थिअरी ऐंशी गुणांची आणि प्रॅक्टिकल वीस. ते वीस काही टेबलावर मिळणार नव्हते. पण हार मानण्याआधी मी ओट्यावर प्रयत्न केला.

टायट्रेशन घरी करायचं ठरलं. ब्युरेटच्या जागी इंजेक्शनची सिरिंज, अल्कली म्हणून पानवाल्याकडच्या चुन्याची निवळी, ॲसिड म्हणून लिंबू, इंडिकेटर म्हणून हळद. चुन्याच्या पाण्यात हळद पडली आणि ग्लास लालभडक झाला. आता थेंब थेंब लिंबू सोडायचं, आणि लाल जाऊन पिवळं दिसेल त्या थेंबाला थांबायचं. “निरीक्षण महत्त्वाचं,” मी म्हणालो आणि सिरिंजचा दट्ट्या अडकल्यामुळे जोर लावला. अख्खं लिंबू एकदम आत गेलं. काही ओट्यावर, काही माझ्या चष्म्यावर.

आई दारातून बघत होती. “कुंकू करताय का रे? आमच्याकडे असंच करायचे, हळदीला चुना लावून.”

“पण आजी, लिंबाने पुन्हा पिवळं का झालं?” कन्येने विचारलं. आईने माझ्याकडे पाहिलं, कन्येने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “तटस्थीकरण.” म्हणजे काय, असं पुढचं येणार हे ओळखून मी चष्मा धुवायला गेलो. परत आलो तो बायको ओट्यावरचा पिवळा डाग साबणाने घासत होती आणि घासेल तसा तो लाल होत होता. “आई, साबण अल्कली आहे ना, म्हणून!” कन्या ओरडली. त्या दिवशीचा धडा उत्तम झाला. मी तेव्हा बाथरूममध्ये होतो एवढंच.

मग आम्ही डेमो क्लासला गेलो. पालकांना मागच्या बाकावर बसू देत होते. कन्या माझ्याबरोबर आत आली आणि लगेच तीन बाक पुढे जाऊन बसली. तिची दूरदृष्टी मला नंतर कळली.

सर तरुण होते, आवाज खणखणीत. उष्णतेने होणारं प्रसरण चाललं होतं. “मान लीजिए, एक सौ तीस मीटर की रेल है. टेम्परेचर तीस डिग्री बढ़ा. लंबाई कितनी बढ़ेगी?” आणि फळ्यावर चार पर्याय.

आता, मी रेल मिलमध्ये आहे. आमच्याकडे निघणारा रूळ खरोखरच १३० मीटरचा असतो. दोन जोडून २६० चं पॅनेल करतात आणि ते लवचीक नागासारखं वॅगनींवर लादून रवाना होतं. गणित कुणालाही आलं असतं: पोलादाचा प्रसरणांक, गुणिले लांबी, गुणिले तीस, उत्तर सुमारे पावणेपाच सेंटिमीटर. पण माझा हात वर गेला. माझी परवानगी न घेता गेला.

“सर, बढ़ेगी ही नहीं.”

वर्ग वळला. मी उभा राहिलो. मग मी सांगितलं, की लोहमार्गावर असे रूळ एकमेकांना वेल्ड करून लांबच लांब केलेले असतात. क्लिपांनी स्लीपरला आवळलेले, स्लीपर खडीत रुतलेले. टोकांशी काय हलेल ते हलेल, मधला रूळ जागचा हलत नाही. वाढायला जागा नाही म्हणून तो आतल्या आत दाबला जातो. तीस अंशाला सुमारे बहात्तर मेगापास्कल! भिलाईच्या मे महिन्यात रूळ हवेपेक्षाही तापतो. ताण हाताबाहेर गेला तर मार्ग सापासारखा वाकतो, म्हणून तर रेल्वेचे लोक उन्हाळ्यात भर दुपारी गस्त घालतात. सांगता सांगता मी हातांनी रूळ वाकवून दाखवला. एक मुलगा वहीत उतरवून घेऊ लागला.

“ये मत लिखो,” सर त्याला म्हणाले. मग अतिशय नम्रपणे माझ्याकडे वळले. “अंकल, ऑप्शन में ‘नहीं बढ़ेगी’ है ही नहीं.”

परतताना स्कूटरवर कन्येने माझ्या बाजूने काही बोलावं म्हणून मी वाट पाहत होतो. ग्लोब चौक गेला तरी मागून आवाज नाही. मग आला. “सर बरोबर होते. प्रश्न मोकळ्या रुळाचा होता. बांधलाय असं कुठे लिहिलं होतं?”

“शिकवतात कसे?”

“बरे शिकवतात. पण मजा वेगळीच होती. माझ्या शेजारची चुकली, मागचा चुकला, मीपण चुकले आणि मग तिघांनी मिळून कुठे चुकलं ते शोधलं. घरी मी एकटीच चुकते. घरच्या बॅचमध्ये मी पहिलीही येते आणि शेवटचीही.”

यावर माझ्याकडे पर्याय नव्हता, ‘अ’ पासून ‘ड’ पर्यंत.

दुसऱ्या दिवशी काउन्सेलिंग. फॉर्मवर ‘स्कूल का नाम’ होतं. मी लिहिलं: गृह. “ये किस सेक्टर में पड़ता है, अंकल?” काउन्सेलर मुलीने विचारलं. समजावलं तर म्हणाली, “टेन्शन मत लीजिए, डमी में डाल देंगे.” दोन वर्षांचं पॅकेज, आज भरलं तर सवलत, वर अठरा टक्के जीएसटी. शाळेच्या फीवर जीएसटी नसतो, क्लासच्या असतो. म्हणजे सरकारच्या लेखीही दोन्ही एक नव्हेत. मी अभ्यास करून गेलो होतो. जानेवारी २०२४ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना, मधेच सोडलं तर उरलेल्या मुदतीची फी परत द्यावी वगैरे मी मुद्देसूद मांडलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. “अंकल, बच्ची पढ़ेगी कि आप?”

घरी बायकोने वही काढली. ती असल्या वेळी भाषण करत नाही, रकाने आखते. वरती लिहिलं: कथ्थक. मी म्हटलं, तो कुठे क्लास आहे, तो छंद. तर म्हणाली, फी जाते, गुरू बाहेरच्या आहेत, दर वर्षी खैरागडच्या विद्यापीठाची परीक्षा होते. मग क्लास नाही तर काय? आणि त्याची फी परवडते का, असं या घरात कुणी कधी विचारलेलं नाही. का नाही विचारलं? मी बराच विचार करून, एखादा सिद्धांत मांडावा तसं म्हणालो, “कारण कथ्थक घरात कुणालाच येत नाही. घरात ज्याला कुणाला जे येत नाही, त्याचेच पैसे बाहेर द्यावेत.”

“मग फिजिक्स लिहू?” तिने पेन सरसावलं.

अखेर कन्येनेच मिटवलं. दोन वर्षांचं पॅकेज नको. तिथल्या मुलांबरोबर दर रविवारची फक्त टेस्ट सिरीज हवी, चुकायला सोबत म्हणून. केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल रिसालीतल्या एका निवृत्त बाईंकडे, आणखी तिघीजणींबरोबर. तिथे खरीखुरी ब्युरेट आहे आणि तिची तोटी अडकत नाही. गणित स्वतःचं स्वतः. फिजिक्स माझ्याकडे ठेवलं, पण अट घातली: तिने प्रश्न विचारल्याशिवाय मी उत्तर द्यायचं नाही. पहिले काही दिवस मी तोंड मिटून तिच्यासमोर नुसता बसून राही. बायको म्हणे, इतकं चांगलं मी आजवर शिकवलं नव्हतं.

या सगळ्याचे मिळून पैसे मूळ पॅकेजपेक्षा पुष्कळ कमी झाले. एवढं वाचलं म्हणून मी टेबलाला नवा दिवा घेतला. त्याची किंमत वहीत ‘इतर’मध्ये गेली आहे.

परवा त्याच डेमोच्या सरांचा फोन आला. नंबर फॉर्मवर होताच. मला वाटलं, बॅच भरत आलीय हे सांगायला असेल. तर म्हणाले, “अंकल, उस दिन के बाद बच्चे रेल वाला बहुत पूछ रहे हैं. आके एक घंटा बता देंगे?” मी फुललो. रात्री बसून टिपणं काढली, वाकलेल्या रुळांची चित्रं काढली, कन्येला तालीम ऐकवली. तिने एवढंच सांगितलं, की मी तुमची कोण हे तिथे बोलायचं नाही. सकाळी मी सरांना सहज, अगदी सहज विचारलं, की मानधनाचं काही असतं का?

“डेमो तो फ्री ही होता है ना, अंकल.”