बदली कंपनीची, अर्ज आमचा

प्रति,
मा. मनुष्यबळ विभागप्रमुख,
चाकण एमआयडीसी.
(कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. महाळुंगे, निघोजे, खालुंब्रे, कुरुळी यांपैकी कुठल्याही गेटवर हे पत्र दिलंत तरी आत घेणारा माणूस भेटेल.)

विषय : 'अंतर्गत बदली धोरणा'बद्दल जाहीर अभिनंदन.



कॅन्टीनबाहेरच्या बोर्डावरचं आपलं परिपत्रक जेवणाच्या सुट्टीत उभ्याउभ्या वाचलं. दुसऱ्या विभागात जायचं असेल तर आहे त्या जागी दीड वर्ष पूर्ण हवं. वर्षभरात मेमो नको. हजेरी चोख हवी. सुपरवायझरची ना-हरकत हवी. आणि एवढं सगळं जमलं तरी जागेवर दुसरा माणूस मिळेपर्यंत सोडणार नाही. वा!

या धोरणाची खरी गंमत हळूहळू कळते. जो चांगलं काम करतो त्याला सुपरवायझर सोडत नाही. जो वाईट करतो त्याला दुसरा विभाग घेत नाही. राहता राहिला मधला. तो बिचारा आहे ती नोकरी टिकावी एवढीच प्रार्थना करतो, अर्ज कशाला करेल? धोरण लागू झाल्यापासून आपल्याकडे अर्जांचा ढीग साचलेला नाही, याचं श्रेय पूर्णपणे आपलं.

आता दुसरी बाजू. सोमवारी पहिल्या पाळीला कार्ड पंच करून लाइनवर आलो की लाइन लीडर म्हणतो, "पेंट शॉपला दोघं कमी आहेत, तू तिकडे जा." दीड वर्षाची अट नाही, ना-हरकत नाही, माझ्या जागी दुसरा माणूस मिळण्याची वाट तर अजिबात नाही, माझं स्टेशन शेजारचा सांभाळतो, स्वतःचं सांभाळून. गुरुवारी डिस्पॅचला. शनिवारी परत लाइनला, कारण महिनाअखेर. याला आपण 'जॉब रोटेशन' म्हणता. मी क्वालिटीत जायला मागितलं की त्याला 'विनंती' म्हणता आणि उत्तर येतं, "सध्या व्हेकन्सी नाही." पुढच्या महिन्यात त्याच क्वालिटीसाठी वॉक-इन असल्याचा मेसेज आंबेठाण चौकातल्या पोरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरतो.

साहेब, लाइनच्या टोकाला लावलेला स्किल मॅट्रिक्स आपण शेवटचा कधी पाहिलात? डावीकडे आमची नावं, वर स्टेशनांची. प्रत्येक चौकटीत एक गोल, त्याचे चार भाग. शिकतोय तर एक भाग काळा, कुणाच्या देखरेखीखाली करतो तर दोन, एकट्याने करतो तर तीन, आणि दुसऱ्याला शिकवू शकतो तर पूर्ण गोल काळा. माझ्या ओळीत बहुतेक गोल काळे झाले आहेत. आयएटीएफचं ऑडिट आलं की त्या बोर्डाची धूळ पुसली जाते, ऑडिटर समोर उभा राहून टिपणं घेतो आणि 'गुड' म्हणतो. पगाराच्या चिठ्ठीवर मात्र या काळ्या गोलांना रकाना नाही. मी ज्याला शिकवलं तो आणि मी, दोघं एकाच ग्रेडमध्ये.

ही झाली पर्मनंटची रड. शेजारच्या प्रेसवरचा मुलगा मोरवाडीच्या आयटीआयतला फिटर. त्याची बदली आपण सर्वांत सफाईने करता. प्रेस तीच, डाय तीच, चहाची वेळही तीच. बदलतो तो फक्त ठेकेदार. त्याचं पीएफ पासबुक उघडून पाहा. यूएएन एकच, पण त्याखाली आस्थापनांची नावं एकाखाली एक. कागदोपत्री त्याने नोकऱ्या सोडल्या आणि धरल्या, प्रत्यक्षात जागचा हलला नाही. मधेच 'ब्रेक' म्हणून गावी पाठवला जातो, कारण महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांत '४-क' नावाचं एक अडचणीचं कलम बसलेलं आहे : बारा महिन्यांत २४० दिवस भरले तर तात्पुरत्या कामगाराला कायम करा. दिवस मोजण्यात आपला विभाग इतका काटेकोर आहे, की एवढं लक्ष ओव्हरटाइमच्या तासांकडे दिलं असतं तर आमचे हिशेब कधीच चुकले नसते. पूर्वी 'नीम' योजनेचे ट्रेनी होते, तीन वर्षांपर्यंत शिकाऊच. २०१३ साली आलेली ती योजना गुंडाळली गेली; शिकाऊपणा दुसऱ्या नावांनी चालू आहे.

कायद्याचं म्हणाल तर तो आपल्याला आमच्यापेक्षा जास्त पाठ असणार. अनुचित कामगार प्रथांच्या १९७१ च्या राज्य कायद्यात, चौथ्या अनुसूचीत, धोरणाच्या आडून वाईट हेतूने केलेली बदली अनुचित म्हटलेली आहे. कायमपणाचे हक्क मिळू नयेत म्हणून माणसाला वर्षानुवर्षं 'बदली कामगार' किंवा तात्पुरता ठेवणंही त्याच यादीत आहे. ग्रेडची वर्गवारी बदलायची तर २१ दिवस आधी नोटीस द्यायची, हे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होतं आणि नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. थोडक्यात, बदलीचे नियम मालकालाही असतात, ही कल्पना आम्ही काढलेली नाही.

याच पट्ट्यात एके काळी मशिनवर लागलेला माणूस चार्जहँड, मग फोरमन होऊन निवृत्त व्हायचा. १९७२ साली पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं ते कामगारांना घरं मिळावीत म्हणून. निगडी-प्राधिकरणात आजही अशा निवृत्त फोरमनांची घरं दिसतील. आज चाकणला मशिनवर लागलेल्या मुलाला पुढची पायरी विचारली तर तो दुसऱ्या कंपनीचं नाव सांगतो. आपण नंतर त्यालाच 'अॅट्रिशन' म्हणून स्लाइडवर दाखवता आणि तळेगाव चौकातल्या बॅनरवर 'पाहिजेत' लिहिता.

तेव्हा अभिनंदन आवरतं घेऊन चार मागण्या करतो.

एक : जागा निघाली की आधी आतल्या बोर्डावर लावा, ठेक्यावरच्या मुलांनाही अर्ज करू द्या, मग बाहेर जाहिरात करा.
दोन : सुपरवायझरने नकार दिला तर कारण लेखी द्यावं. 'माणूस चांगला आहे' हे नकाराचं कारण धरू नये.
तीन : कंपनीने हलवलं तरी फॉर्म भरावा. कुठे, का, किती दिवस. वरच्या ग्रेडचं काम दिलं तर तेवढ्या दिवसांचा फरक द्यावा.
चार : स्किल मॅट्रिक्समधला पूर्ण काळा गोल ग्रेड ठरवताना मोजावा.

यातली एकही मागणी मान्य नसेल तरी चालेल, पण तसं सही-शिक्क्यानिशी लेखी कळवा. लेबर कमिशनरच्या ऑफिसात तोंडी उत्तर चालत नाही.

आपला,
एक ऑपरेटर
विभाग : असेंब्ली (आज पेंट शॉप)