बफर वाढव!

तुमच्या ओळखीत असा एक प्राणी असणारच. दिवसा बँकेत नाहीतर आयटीत, रात्री अकरानंतर संगीतकार. आमचा डोंबिवलीला राहतो. बेडरूमच्या खिडकीला गादी टेकवलेली, टेबलावर लॅपटॉप, त्याखाली कूलिंग पॅड आणि माइक वहिनींच्या साड्यांच्या कपाटात, कारण साड्यांत आवाज घुमत नाही. या खोलीला 'स्टुडिओ' म्हणायचं. वहिनी अजून 'बेडरूम'च म्हणतात.

"ये, भन्नाट ट्रॅक ऐकवतो." आपण जातो. प्ले दाबल्यावर क्षणभर तानपुरा, मग चटचट, करकर. लॅपटॉपचा पंखा जिवाच्या आकांतानं फिरू लागतो. साहेब शांत. "बफर वाढवतो."

हे बफर प्रकरण त्यानंच मला समजावलं. लॅपटॉप आवाज पंगतीतल्या वाढप्यासारखा वाढतो. सेकंदाला ४४,१०० नमुने, पण एका खेपेला उचलायचे १२८. म्हणजे खेपेला जेमतेम ३ मिलिसेकंद. तेवढ्यात आवाजावर काम करणाऱ्या सगळ्या प्लगइनचं गणित उरकलं नाही, की पान रिकामं आणि कानात चटचट. बफर १०२४ केला की वाढप्याला २३ मिलिसेकंदांची उसंत मिळते, चटचट थांबते. पण कीबोर्डची पट्टी दाबली की सूर मागाहून येतो. म्हणून रेकॉर्डिंगला बफर कमी, मिक्सिंगला जास्त. इथवर ठीक होतं.

पण भाजीवाल्या मावशी सुट्ट्या पैशांत अडकल्या, "मावशी, बफर वाढवा." लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली, "हिचा बफर कमी पडतोय." सासऱ्यांना जिना चढताना धाप लागली, तेव्हाही तेच. सासऱ्यांनी औषधाचं नाव समजून वहीत लिहून घेतलं. स्वतःचा बफर मात्र कायम चढलेला. वहिनींनी "गॅस बंद केलास का?" विचारलं, की उत्तर दूध उतू गेल्यावर येतं.

नोव्हेंबरात ब्लॅक फ्रायडेची सूट लागली, की याला आणखी एक कॉम्प्रेसर हवा असतो. असलेले सगळे कॉम्प्रेसर मिळून आवाज दाबण्याचंच काम करतात, पण "याचा रंग वेगळा आहे." पियानोच्या आवाजांच्या एका लायब्ररीनं डिस्कवर इतकी जागा अडवली, की लग्नाचे फोटो पेन ड्राइव्हवर गेले. वायफायचा ड्रायव्हर प्रोसेसरला मध्येच अडवतो म्हणून वायफाय बंद. मग एखादं प्लगइन लायसन्स तपासायला इंटरनेट मागतं, म्हणून परत चालू. बेसूर गळा सुरात आणणारं ऑटो-ट्यून काढणारे अँडी हिल्डब्रँड आधी कंपनलहरींवरून जमिनीतलं तेल शोधायच्या गणितात होते. १९९७मध्ये तेच डोकं त्यांनी गळ्याच्या सुराला लावलं. ही गोष्ट तो दर वेळी सांगतो. ऑटो-ट्यूनही आहे त्याच्याकडे. गाणं तेवढं गायचं राहिलंय. बाप्पाचं गाणं, मुखडा तयार, अंतरा नाही. गणपती येतात आणि जातात.

एवढी टर उडवल्यावर पुढचं सांगणं जिवावर येतंय, पण सांगतो. शेजारच्या काकूंकडे त्यांच्या वडिलांच्या कीर्तनाची एक कॅसेट होती. यानं कुठूनसा डेक मिळवला, टेप लॅपटॉपवर उतरवली आणि खरखर काढायला बसला. खरखर फार काढली की झांजाही पाणचट होतात, म्हणून अर्ध्यावरच हात आवरला. कॉम्प्रेसरांपैकी एकालाही बोलावलं नाही. अभंगाच्या मध्येच बुवांना खोकल्याची उबळ येते. मी म्हटलं, "हे कापून टाक." तो लगेच म्हणाला, अगदी लगेच, "राहू दे. काकू तेच शोधतील."

काकूंनी ऐकलं, आणि खोकल्यापाशी आल्यावर म्हणाल्या, "मागे घे रे जरा." त्यानं तीनदा मागे घेतलं. पैसे विचारले तर म्हणाला, यात मी काहीच केलेलं नाही. त्याला ते खरंच वाटत होतं. माझ्या मते त्याच्या हातून पूर्ण झालेलं तेवढं एकच काम आहे, आणि ते चोख आहे.

तेव्हा तुमच्याकडचा असा कुणी भेटला, तर माळ्यावरच्या कॅसेटी बुरशी लागायच्या आत त्याच्या हवाली करा. चहा पाजा, चटचट ऐकून घ्या. गाणं कधी येणार, एवढं मात्र विचारू नका.