भारतीय बनावटीचा परदेशी तोरा

स्वदेशीची शपथ घ्यायला आमच्या नरसिंहपूरइतकं सोयीचं गाव नाही. पुणे जिल्हा इथे संपतो. घाटावर उभं राहिलं की नीरेपलीकडे माळशिरस, भीमेपलीकडे माढा. म्हणजे दोन्हीकडे सोलापूर जिल्हा. शपथ या काठावर घ्यावी आणि खरेदीला अकलूज नाहीतर टेंभुर्णी गाठावी. हद्दच बदलल्यावर शपथ मोडल्याची नोंद कोण करणार?

गावोगावी असतात तसे आमच्याकडेही एक तात्या आहेत. 2020 साली रामदास आठवले यांनी चिनी पदार्थ विकणाऱ्या हॉटेलांवर बंदी घाला म्हटलं, तेव्हा तात्यांनी इंदापूरच्या गाडीवरची चायनीज भेळ तडकाफडकी सोडली. ती भेळ दाखवली असती तर चिनी माणसानेच बंदीला पाठिंबा दिला असता, ही गोष्ट वेगळी. पुढे आठवडाभरात ‘मंचुरियनला हरकत नाही, त्यात चीनचं नाव येत नाही’ असा तोडगा निघाला आणि राष्ट्रहित व भूक यांचा तंटा मिटला.

एकदा तात्यांनी नातवासाठी पुण्याच्या मॉलमधून किंडर जॉयची अंडी आणली. अर्धं स्वतः चाखून म्हणाले, “काय बी म्हण, फॉरेनची चव जिभेला लगेच कळती.” मी वेष्टन फिरवून दाखवलं. फेरेरो कंपनी इटलीची खरी, पण कारखाना बारामतीच्या एमआयडीसीत. तात्यांनी चष्मा लावून खात्री केली, उरलेलं अंडं नातवाकडे सरकवलं आणि म्हणाले, “तरीच! मागच्या येळंसारखं नाही लागलं.”

जावईबापूंचंही तेच. इटालियन म्हणून त्यांनी व्हेस्पा घेतली आणि पुण्याच्या सोसायटीत वर्षभर मिरवली. ती स्कूटर 2012 पासून बारामतीत बनते. एसटीच्या तिकिटात ‘इटली’ पाहून संध्याकाळी घरी जेवायला येता आलं असतं, हे कळल्यावर त्या घरात सुतक पडलं. गाडी तीच, मायलेज तेच. फक्त सांगण्यासारखं काही उरलं नाही. माल कुठल्या देशात बनला याच्याशी तात्यांना किंवा जावईबापूंना देणंघेणं नाही. तो आपल्या ओळखीच्या गावात बनलेला नसावा, एवढीच अट आहे.

ही अट सरकारला फार आधी उमगली असावी. उत्पादन शुल्क खात्याच्या दफ्तरी ‘भारतीय बनावटीचं विदेशी मद्य’ नावाचा एक प्रकारच आहे. हे नाव ज्याला सुचलं त्याला या देशाचं मन आरपार दिसलं होतं. देशी काय आणि असली ‘विदेशी’ काय, दोन्ही बहुतेक साखर कारखान्याच्या मळीतूनच निघतात, आणि मळी कुठल्या उसाची हे बाटलीला माहीत नसतं. पण देशी दारूच्या दुकानात माणूस तोंड चुकवून शिरतो आणि परमिट रूममध्ये कॉलर ताठ करून.

गोठ्यात मात्र उलटा कारभार. सप्टेंबर 2024 मध्ये राज्य सरकारने देशी गाईला राज्यमाता-गोमाता जाहीर केलं. तात्यांनी त्याच दिवशी शेजाऱ्याच्या खिलार गाईला हार घालून फोटो काढला. त्यांच्या स्वतःच्या गोठ्यात होलस्टिनच्या संकरित गाई आहेत आणि दहा दिवसांनी येणारं डेअरीचं बिल त्यांच्यावरच निघतं. त्या गाईंचा फोटो आजवर कुणी काढलेला नाही. (देव याबाबतीत मोकळा. ही भीमा जिथे उगम पावते त्या भीमाशंकराला चिमाजी अप्पांनी वसईच्या मोहिमेनंतर वाहिलेली पोर्तुगीज घंटा चालते. परदेशी वस्तू जिंकून आणलेली असली की ती बाटत नाही.)

आता थोडं गंभीर बोलतो, कारण तात्या दर 12 डिसेंबरला बाबू गेनूच्या फोटोला हार घालतात. बाबू गेनू पुणे जिल्ह्यातलाच, आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा. 1930 साली मुंबईत विलायती कापडाचा ट्रक अडवताना तो त्याखाली चिरडला गेला. आणि आमच्याच इंदापूर तालुक्यात वालचंदनगर आहे. 1919 साली ‘लॉयल्टी’ जहाज मुंबईहून लंडनला धाडून इंग्रज जहाज कंपन्यांशी झुंजणाऱ्या वालचंद हिराचंदांनी 1930च्या दशकात तिथे साखर कारखाना उभा केला. तोवर देशात जावाची साखर भरभरून येत होती. 1932 मध्ये साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा झाला, बाहेरच्या साखरेवर जबर जकात बसली, आणि काही वर्षांत देशातले कारखाने कित्येक पटींनी वाढले. आज नीरा-भीमेच्या काठी जो ऊस उभा आहे, त्याच्या मुळाशी ही जकात आहे. शपथ घेऊन कुणी चहात स्वदेशी साखर ढवळली म्हणून हे कारखाने उभे राहिले नाहीत.

ती जकात गोऱ्या सरकारने लावली होती. आता आपलं सरकार पाहा. 15 ऑगस्ट 2025 रोजी लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी दुकानदारांना स्वदेशी मालाचे फलक लावायला सांगितलं. तात्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. चौथ्या दिवशी, 19 ऑगस्टपासून, परदेशी कापसावरचं 11 टक्के आयातशुल्क माफ झालं. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग ती मुदत वाढवून 31 डिसेंबरपर्यंत. विदर्भ-मराठवाड्याचा कापूस बाजारात यायचे नेमके हेच दिवस. म्यानमार-मोझांबिकची तूर तर त्याच्या आधीपासूनच बिनशुल्क येत होती. कापडाच्या दुकानावर स्वदेशीचा फलक आणि आतल्या कापडात परदेशी सूत, असा हा संसार.

कापूस आणि तूर पिकवणाऱ्याने फलक कुठे लावायचा, हे भाषणात नव्हतं. तात्यांना विचारलं तर म्हणाले, “महागाई वाढंल ना रं! सरकारला सगळ्यांकडं बघावं लागतं.” सगळ्यांत शेतकरी कितव्या नंबरवर, हे विचारेपर्यंत ते नातवाला घेऊन टेंभुर्णीला निघाले होते.

तेव्हा वाचकहो, यापुढे कुणी तुमच्या हातात स्वदेशीचं शपथपत्र दिलं तर सही जरूर करा. फक्त सहीच्या आधी देणाऱ्याला तूर आणि कापूस यांच्यावरच्या आयातशुल्काचा आजचा दर तेवढा विचारा.