छापून आलंय म्हणजे...

प्रत्येक सोसायटीत एक काका असे असतात, की थट्टेच्या बातम्या खास त्यांच्यासाठीच लिहिल्या जातात असं वाटावं. चष्मा कपाळावर चढवायचा, मोबाइल नाकाशी आणायचा आणि अख्ख्या बाकाला ऐकू जाईल अशा आवाजात वाचायचं. शेवटी "काही खरं नाही या देशाचं" म्हणून पाच ग्रुपवर ढकलून द्यायचं.

2008 साली राहुल रौशन या माजी टीव्ही पत्रकाराने 'फेकिंग न्यूज' सुरू केलं. वाहिन्यांच्या 'ब्रेकिंग'ची टर उडवायची, म्हणून हे नाव. स्वतः तो 'पागल पत्रकार' म्हणून लिहायचा. आता बातमीच्या डोक्यावर 'फेकिंग' आणि लिहिणारा आपण होऊन वेडा म्हणवून घेणारा, तरी तिच्यावर विश्वास ठेवणार कोण? काका! पण सगळा दोष त्यांचा नाही. बातमी त्यांच्यापर्यंत पोचेस्तोवर वरचं नाव कुणीतरी कापलेलं असतं. उरतो मधला गंभीर मजकूर, 'सूत्रांनी सांगितले'सकट. शेजारच्या खऱ्या बातमीतही तीच सूत्रं असतात, त्याला काका काय करणार?

पुतण्याने एकदा त्यांना 'द ओनियन'ची गोष्ट सांगितली. अमेरिकेत मॅडिसनला दोन विद्यार्थ्यांनी 1988 मध्ये काढलेलं थट्टेचं वर्तमानपत्र. 1996 मध्ये त्याची वेबसाइट झाली. तिने 2012 मध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग उनला जगातला सर्वांत मादक पुरुष ठरवून टाकलं. चिनी कम्युनिस्ट पक्षाच्या मुखपत्राने, 'पीपल्स डेली'ने, ते खरं धरलं आणि आपल्या साइटवर किमसाहेबांचे 55 फोटो लावले!

"तेव्हा काका, भलेभले फसतात. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

काका विचारात पडले. "पंचावन्न फोटो? मग असणार रे काहीतरी."

तरी त्या दिवसापासून काका सावध झाले, आणि सावध काका हे जास्त अवघड प्रकरण. 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री पुतण्याचा फोन आला : पाचशे-हजारच्या नोटा मध्यरात्रीपासून बंद, स्वतः पंतप्रधानांनी टीव्हीवर सांगितलंय. काका गालात हसले. "मला बनवतोस होय रे? आधी साइट कुठली ते बघ." आणि निवांत जेवायला बसले. दुसऱ्या दिवशी दूधवाल्याने पाचशेची नोट परत केली, तेव्हा त्यालाही त्यांनी हाच सल्ला दिला.

पुढे रांगेत उभं राहून दोन हजारांची गुलाबी नोट हाती आली. तिच्यात चिप आहे, जमिनीखाली 120 मीटरवर पुरली तरी उपग्रहाला दिसते, असा मजकूर तोवर मोबाइलवर येऊन पडला होता. तो काकांना चटकन पटला. खिडकीशी उभे राहून ते नोट उजेडात उलटसुलट करत होते.

"द्या इकडे, भाजी आणायचीय," काकू म्हणाल्या.

"थांब गं, आधी ही बंद कुठून होते ते बघू दे."