रिकामटेकड्या मास्तरांची थोरवी

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकाची सुरुवात मूर्खाच्या लक्षणांनी केली आणि शेवट पढतमूर्खाच्या लक्षणांनी. परमुलखात मास्तरकी करणाऱ्या मूर्खाचा समास मात्र त्यात नाही. तो कुणीतरी लिहायला हवा, आणि स्तुतीसाठी लिहायला हवा. परक्या गावात नोकरीला जाऊन जो सुट्टीच्या दिवशी दुसऱ्याच्या खाचरात फुकट चिखल तुडवतो, तो हा मूर्ख. ज्याला वाण्याशी दोन वाक्यं धड बोलता येत नाहीत, पण जो गावच्या ढोलपथकात नाव घालतो, तो हा मूर्ख. शाळा सुटल्यावर खोलीवर जाऊन पाठ टेकायची सोडून जो पोरांच्या बेसबॉलच्या सरावात लांब गेलेले चेंडू आणून देतो, तो हा मूर्ख. मी जपानमधल्या शिमाने प्रांतात, एका लहान गावात इंग्रजी शिकवतो, आणि या मूर्खांच्या पंगतीत पाट मिळाला याचा मला अभिमान वाटतो.

शहाण्यांची बाजू आधी मांडतो. जपान सरकारनं 1987 साली 'जेट' नावाची योजना सुरू केली. पहिल्या वर्षी चार देशांतून 848 जण आले आणि त्यांतले बरेचसे गावोगावच्या शाळांत जपानी शिक्षकाच्या जोडीला सहायक म्हणून उभे राहिले. आता ही मंडळी कितीतरी देशांतून येतात, भारतातूनही थोडी येतात. करार वर्षाचा, वाढवून मिळाला तर जास्तीत जास्त पाच वर्षांपर्यंत. म्हणजे आल्या दिवसापासून परतीची तारीख डोळ्यांसमोर असते. शहाणा मास्तर त्या तारखेकडे बघून वागतो. येन साठवतो, भाषेच्या परीक्षा एकेक करून पदरात पाडतो, शुक्रवारी संध्याकाळी बस धरून ओसाका गाठतो, फुजी, क्योतो, हिरोशिमा अशी यादी पुरी करतो. यात वावगं काहीच नाही. घरी कर्ज असेल, धाकट्या बहिणीचं शिक्षण असेल, तर पैसे साठवावेच लागतात. पण गाव सोडताना त्याचं गावाकडे काही उरत नाही आणि गावाचं त्याच्याकडे काही उरत नाही. मला हे नुकसान फार मोठं वाटतं.

मेइजी काळात जपाननं भरघोस पगार देऊन परदेशी शिक्षक बोलावले. त्यांनी वर्गात जे शिकवलं ते पुढच्या पिढीच्या जपानी प्राध्यापकांनी उचललं, सुधारलं आणि मागे टाकलं. तसं व्हायलाच हवं होतं. त्यांच्यातल्या काहींनी घंटा झाल्यावर जे केलं, ते मात्र आजही जिवंत आहे. होरेस विल्सन हे अमेरिकेच्या मेन राज्यातले, यादवी युद्धात लढून आलेले. 1872 च्या सुमारास तोक्योतल्या शाळेत ते शिकवत असताना त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना मैदानात नेऊन हातात बॅट-बॉल दिला. अभ्यासक्रमात हे कुठेच नव्हतं. त्या खेळाचं वेड पुढे इतकं पसरलं की हायकूला नवं रूप देणारे कवी मासाओका शिकी तरुणपणी बेसबॉलनं झपाटले, आणि 1915 साली सुरू झालेली शाळकरी पोरांची राष्ट्रीय स्पर्धा उन्हाळ्यात अख्ख्या देशाला टीव्हीसमोर, त्याआधी रेडिओसमोर, खिळवून ठेवत आली आहे. विल्सनांची शाळा होती त्या जागी पुढे काशाचा एक मोठा हात बसवला गेला, मुठीत चेंडू धरलेला. त्यांनी वर्गात कोणते धडे घेतले हे आज कुणाला सांगता येईल?

एडवर्ड मोर्स 1877 साली आले ते एका जातीचे कवचधारी समुद्री जीव गोळा करायला. योकोहामाहून तोक्योला जाणारी आगगाडी तेव्हा पाच वर्षांची होती. खिडकीतून बाहेर बघत असताना ओमोरीजवळ रुळालगतच्या उतारावर त्यांना शिंपल्यांचा थर दिसला. शहाणा प्रवासी या वेळात कागदपत्रं चाळतो. मोर्स खिडकीबाहेर बघत होते म्हणून जपानच्या पुरातत्त्वशास्त्राचा जन्म झाला. तिथल्या उत्खननात दोरीच्या ठशांची प्राचीन मातीची भांडी निघाली. तोक्यो विद्यापीठात ते प्राणिशास्त्र शिकवत, फळ्यावर दोन्ही हातांनी एकाच वेळी चित्रं काढत. आणि उरलेल्या वेळात? मडकी जमवत. घराघरांतल्या रोजच्या वापरातल्या वस्तू जमवत, ज्या जपानी माणसाला तेव्हा जपून ठेवण्याजोग्या वाटत नव्हत्या. आज एकोणिसाव्या शतकातलं जपानी घर कसं होतं हे बघायचं तर त्यांनी जमवलेल्या वस्तूंकडे जावं लागतं, आणि त्यासाठी थेट अमेरिकेतलं सेलम गाठावं लागतं.

माझा सगळ्यांत लाडका मूर्ख मात्र आमच्या शिमानेतलाच आहे. लाफकाडिओ हर्न ग्रीसच्या बेटावर जन्मले, आयर्लंडमध्ये वाढले, शाळेत असताना एक डोळा गमावून बसले आणि दुसऱ्यानंही त्यांना जेमतेम दिसत असे. 1890 च्या ऑगस्टमध्ये महिना 100 येन पगारावर ते मात्सुए शहरात इंग्रजी शिकवायला आले. त्या काळच्या शिमानेत हा पगार राजेशाही होता. या पैशात त्यांनी सामुराईचं एक जुनं घर भाड्यानं घेतलं, शाळेतून आल्यावर किमोनो चढवला आणि बागेकडे तोंड करून बसले. किडे, बेडूक, झाडं, दगड यांच्यावर त्यांनी एक अख्खं प्रकरण लिहिलं. बागेत साप यायचा. त्यानं बेडकांना खाऊ नये म्हणून आपल्या ताटातलं काढून ते त्याला घालत, असं त्यांच्या बायकोनं पुढे आठवणींत सांगितलं आहे.

ही बायको म्हणजे कोइझुमी सेत्सु, पडत्या काळातल्या सामुराई घराण्यातली. तिला इंग्रजी येत नव्हतं, यांना जपानी धड येत नव्हतं. दोघांनी मिळून मोडकीतोडकी एक घरगुती भाषा तयार केली. रात्री दिव्याची वात बारीक करून ती भुतांच्या गोष्टी सांगायची. तिनं पुस्तक उघडलं की हर्न नको म्हणायचे. पुस्तक मिटून ठेव, तुझ्या स्वतःच्या शब्दांत सांग, हा त्यांचा हट्ट. एखादं वाक्य ते पुन्हा पुन्हा म्हणून घ्यायचे: बोलणारा कोणत्या आवाजात बोलला असेल, तेव्हा बाहेर काय ऐकू येत असेल, असं विचारत. त्या रात्रींतून 1904 सालचं 'क्वाइदान' हे पुस्तक निघालं. तोवर ते तोक्यो विद्यापीठात गेले होते, जपानी नागरिक झाले होते, कोइझुमी याकुमो झाले होते. जपानी माणूस आपल्याच आजीच्या गोष्टी आज त्यांच्या पुस्तकातून वाचतो, आणि 2025 साली एनएचके या जपानी वाहिनीनं सेत्सुच्या आयुष्यावर बेतलेली रोज सकाळची मालिका काढली. मात्सुएला गेलो की मी त्या घरात जातो आणि बागेकडच्या ओसरीवर बसतो. एवढ्याशा जागेत एक माणूस दुपारभर काहीही न करता बसला होता, ही गोष्ट मला दरवेळी नव्यानं थोर वाटते.

या बाबतीत पुणंही मागे नाही. एडविन अर्नोल्ड 1857 च्या सुमारास पुण्याच्या सरकारी कॉलेजचे प्राचार्य होऊन आले. तेच कॉलेज पुढे डेक्कन कॉलेज झालं. कामापुरतं इंग्रजी पुरलं असतं. तरी त्यांनी संस्कृत शिकायला घेतलं, हितोपदेशाचं भाषांतर केलं, आणि मायदेशी परतल्यावर 1885 साली गीतेचं इंग्रजी काव्यरूप प्रसिद्ध केलं. लंडनमध्ये कायदा शिकणाऱ्या मोहनदास गांधींनी गीता पहिल्यांदा वाचली ती याच पुस्तकातून. पुण्यातल्या एका परदेशी मास्तराचा रिकामा वेळ कुठवर जाऊन पोचला, बघा.

हे कसं घडतं याचा मी पुष्कळ विचार केला आहे. परदेशातून आलेला इंजिनियर किंवा बँकेतला माणूस कामानंतरही आपल्यासारख्यांतच राहतो. मास्तराला ते जमत नाही. रस्त्यात भेटणारं प्रत्येक पोर त्याला ओळखतं, पोराची आई ओळखते, भाजीवाली ओळखते. गावात पाऊल टाकायला त्याला कुणाची शिफारस लागत नाही. वर्गात तो देणारा असतो आणि गाव घेणारं. घंटा झाली की हे उलटतं: आता तो अडाणी, आणि गावातली सात वर्षांची मुलगीसुद्धा त्याची गुरू. दिवसाचे सात-आठ तास परक्याकडून शिकावं लागणाऱ्या गावाला ही संधी हवी असते. जो मास्तर संध्याकाळी अडाणी व्हायला तयार नसतो, तो गावाचा हा हक्क हिरावून घेतो.

गेल्या हेमंतात शेजारच्या आजींनी मला काकी नावाच्या जपानी झाडाची तुरट फळं सुकवायला शिकवलं. हे फळ झाडावरून काढून खाल्लं तर जीभ आणि टाळू आखडून जातात. देठाशी फांदीचा आडवा तुकडा ठेवून ते तोडायचं, म्हणजे दोरी अडकवता येते. साल सोलायची ती देठाच्या कडेपर्यंत. मग उकळत्या पाण्यात मोजके क्षण बुडवून काढायचं, बुरशी धरू नये म्हणून, आणि पागोळ्यांच्या आत, पाऊस लागणार नाही पण वारा लागेल अशा जागी दोन-दोन फळं टांगायची. आठवडा-दहा दिवसांनी वरून कातडं धरलं की ती रोज बोटांनी हलकेच चोळायची. मी जोर लावत होतो. आजींनी माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, "सेन्सेई, दाबू नका. तान्ह्या पोराच्या कानाला तेल लावतात, तसं करा." महिन्याभरात फळावर साखरेची पांढरी साय आली. तुरटपणाचा मागमूस नव्हता.

त्यांनी मग विचारलं, तुमच्याकडे काय सुकवतात? मी आमसुलांचं सांगितलं: रातांब्याची सालं मिठाच्या रसात घालायची, उन्हात वाळवायची, पुन्हा रसात घालायची. "पुन्हा पुन्हा? मग आमच्यापेक्षा तुमच्या बायका चिकाटीच्या," असं म्हणून त्यांनी ते वहीत टिपून घेतलं. त्या दुपारी मी शब्दकोशातलं एक पानही वाचलं नाही. त्यांच्या नातवानं मात्र सोमवारी शाळेत उभं राहून, कधी नव्हे तो, इंग्रजीत चार वाक्यं सांगितली, आणि ती सगळी माझ्या आजोळच्या रातांब्यांबद्दल होती.

फुरसतीतही फायदा बघण्याची सवय हल्ली सगळीकडे वाढली आहे, आणि मला तिची काळजी वाटते. ढोल शिकायचा तो व्हिडिओसाठी, डोंगर चढायचा तो बायोडेटात एक ओळ वाढावी म्हणून. अशा माणसाला गाव लगेच ओळखतं आणि पाहुण्यासारखं वागवतं. छान जेवू घालतं आणि निरोप देतं. विल्सन, मोर्स, हर्न यांच्यापैकी कुणालाही आपण काही घडवतोय याचा पत्ता नव्हता. त्यांना ते आवडत होतं, बस्स.

म्हणून शिक्षण मंडळांकडे माझं एक कळकळीचं मागणं आहे, आणि ते ऑगस्ट महिन्याबद्दल आहे. शाळेला उन्हाळी सुट्टी असते, वर्ग रिकामे असतात, पण करारात कामाचे दिवस लिहिलेले असतात म्हणून सहायक शिक्षकाला ऑफिसात खुर्चीवर बसवून ठेवतात. धट्टीकट्टी तरुण माणसं आठ-आठ तास पंख्याखाली घड्याळ बघत बसतात, आणि त्याच वेळी बाहेर गावात वर्षातला सगळ्यांत मोठा गलबला चालू असतो. सकाळी साडेसहाला रेडिओवर कवायत लागते. 1928 साली ती सुरू झाली. गळ्यात कार्डं अडकवलेली पोरं डोळे चोळत देवळाच्या आवारात जमतात, म्हातारी माणसं मागच्या रांगेत हात वर करतात, आणि कवायत संपली की प्रत्येक कार्डावर त्या दिवसाचा शिक्का पडतो. शिक्का मारायला गावात रोज कुणीतरी लागतंच. दुपारी शाळेच्या तलावावर पोहणाऱ्या पोरांवर लक्ष ठेवायला माणूस लागतो. संध्याकाळी पितरांच्या सणासाठी बोन नाचाची तालीम असते, तिथे गोलात उभं राहायला पावलं चुकणारी माणसंही चालतात. मास्तराला तिथे पाठवा आणि हजेरीपटावर ते कामाचे तास म्हणून मांडा. असा अर्ज मी आमच्या मंडळाकडे रीतसर लिहून दिला आहे, आणि शिक्के मारायच्या कामासाठी पहिलं नाव माझं घातलं आहे.