रक्ताची रुजुवात

पूर्वजांविषयी जिज्ञासा उत्पन्न होते ती बहुधा हयात नातलगांचा कंटाळा आल्यानंतर. परंतु अमेरिकेत वास्तव्य करणाऱ्या माझ्या पुतण्याला ही व्याधी ऐन तिशीतच जडली आणि एका नळीत थुंकून त्याने ती प्रयोगशाळेकडे रवाना केली. आमच्या घराण्यात थुंकण्याने आजवर अंगणाचे कोपरेच काय ते रंगले होते. त्यातून वंशवृक्ष उगवेल, अशी कल्पना कोणाच्या स्वप्नातही नव्हती. अहवालात टक्केवारी होती, रंगीत नकाशा होता, आणि दूरच्या भाऊबंदांची एक यादी होती, जिच्यातील बहुतेकांचे आडनाव एकच असून ते आमचे नव्हते. "काका, हे लोक कोण?" असा त्याचा फोन आला. आमच्या छापील कुलवृत्तांतात त्या आडनावाचा मागमूस नव्हता. काशीयात्रा ठरलेलीच होती, म्हणून ही तहकीकातही माझ्याच गळ्यात पडली.

वंशावळीचा निवाडा काशीला नवा नाही. मूळच्या पैठणच्या आणि काशीत स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील गागाभट्टांनी 1674 साली रायगडावर राज्याभिषेक केला, तेव्हा भोसले कुळाचा मेवाडच्या सिसोदियांशी असलेला संबंधही पुढे मांडण्यात आला होता. तो राजाचा प्रश्न. आमच्यासारख्या रयतेची सोय घाटावरच्या उपाध्यांच्या दप्तरात. ब्रह्माघाटामागच्या गल्लीत आमचे उपाध्ये भेटले. त्यांनी माझे नाव विचारले नाही. आडनाव, गाव, गोत्र एवढी चौकशी करून लाल खारव्यात गुंडाळलेली लांबट वही काढली आणि बोटाला थुंकी लावून पाने उलटली (थुंकीवाचून वंशशोध नाही, हे येथेही सिद्ध झाले). पणजोबांची मोडी सही होती. शेवटच्या अक्षराचे शेपूट खालच्या ओळीतल्या कोणा यजमानाच्या डोक्यावर पडलेले. शेजारी मिती, बरोबरच्या मंडळींची नावे, गोदानापोटी कबूल केलेली रक्कम, आणि समासात बारीक अक्षरांत शेरा: 'दत्तक'. पुढे जनक घराण्याचे आडनाव. पुतण्याच्या यादीतले तेच!

दत्तकाचा शास्त्रार्थही काशीचाच. नंदपंडितांनी 'दत्तकमीमांसा' याच नगरीत लिहिली आणि पुढे इंग्रजी न्यायालयांनी ती प्रमाण मानली. दत्तविधान झाले की मुलाचे गोत्र बदलते, वारसा बदलतो, पिंड घेणारे पितरही बदलतात. बदलत नाही ते रक्त, आणि शास्त्राने सुज्ञपणे त्याकडे काणाडोळा केला. काणाडोळा केला नाही तो लॉर्ड डलहौसीने. काशीतच जन्मलेल्या मणिकर्णिका तांबे, म्हणजे झाशीच्या राणी लक्ष्मीबाई, यांचे पती गंगाधरराव यांनी 1853 साली मृत्युशय्येवर घेतलेला दत्तक नामंजूर करून त्याने 1854 साली झाशी खालसा केली. त्यावरून, हाती नळी नसताना रक्ताचा दाखला मागणारा हा पहिलाच इसम असावा, असा माझा कयास आहे.

उपाध्यांच्या वहीलाही एक खोड आहे. तीत पुरुष नावानिशीवार हजर, आणि बायका 'सकुटुंब' या एका शब्दात उरकलेल्या. याची भरपाई निसर्गाने मायटोकाँड्रियात केली आहे. त्यातली जनुके आईकडूनच येतात, बापाचा तेथे काडीचा हिस्सा नाही. पुतण्याच्या अहवालातली मातृशाखा अर्थातच आमच्या वहिनींच्या माहेरची निघाली, आणि ती अतिप्राचीन असल्याचे वहिनींनी सर्व नातलगांना जातीने कळवले.

घाटावरून मी पुतण्याला सारा तपशील सांगितला. "मग काका, आपण नक्की कोण?" त्याने विचारले. उपाध्ये ऐकतच होते.

"दोन्ही घराणी आमच्याच वहीत आहेत, यजमान," ते शांतपणे म्हणाले. "प्रश्न एवढाच, की पणजोबांच्या गोदानाची रक्कम अजून बाकी आहे."

रक्ताच्या नात्याने हे देणे जनक घराण्याकडे वळवता येईल काय, असे मी विचारून पाहिले. उपाध्यांनी शास्त्राधारे ती विनंती नामंजूर केली आणि पावती आमच्याच आडनावाने फाडली.