डाव्या डोळ्यातल्या पाहुणीला

चि. डाव्या डोळ्याची लेन्स हिला,
अनेक उत्तम आशीर्वाद.

'चिरंजीव' म्हटलं म्हणून हुरळून जाऊ नकोस. पाकीट उघडल्यापासून तीस दिवस एवढंच तुझं आयुष्य, आणि आज सव्विसावा दिवस आहे. पण धाकट्यांना पत्र लिहायचं तर आमच्याकडे मायना हाच. पत्रास कारण की, या सव्वीस दिवसांत तू आमच्या घरावर जे उपकार केलेस, ते चारचौघांत सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

उजवीबद्दल माझी तक्रार नाही. गरीब आहे बिचारी. बोटावर बसते, डोळ्यात जाते, संध्याकाळी बाहेर येते. एका घरात दोघी वाढल्या तरी एकीला वळण असतं आणि दुसरीला नसतं, तसंच हे.

मला पाचवीत चष्मा लागला. तेव्हापासून 'ढापणी' आणि 'डबल बॅटरी' ही दोन्ही नावं मी इमानाने वापरली. आता वय त्रेचाळीस, नंबर वजा साडेसहा. माझ्या स्वतःच्या लग्नाच्या अल्बममध्ये मुंडावळ्यांच्या मागे मी नाहीच. तिथे फ्लॅशने चकाकणारे दोन पांढरे चौकोन आहेत. भाचीचं लग्न ठरलं तेव्हा वहिनी म्हणाली, "ताई, या वेळी तरी फोटोत तुमचे डोळे दिसू देत." एवढ्या एका वाक्यावर मी तुला घरात घेतलं. हुंड्यासोबत सोल्यूशनची बाटलीही मीच आणली.

दुकानातली मुलगी गोड होती. सुरुवातीला 'मॅडम' म्हणाली. चाळीस मिनिटांनी 'काकू'वर आली. "वर बघा काकू. आता खाली बघा. डोळा मिटू नका काकू." उजवी पाच मिनिटांत बसली. तुझ्यासाठी मात्र तासभर. तू माझ्या पापणीच्या केसांवर लोंबकळलीस, गालावर उतरलीस, एकदा तर थेट त्या मुलीच्या बाहीवर जाऊन बसलीस. तुला उलट-सुलट ओळखायचं कसं, तेही तिने शिकवलं: बोटाच्या टोकावर वाटीसारखी दिसलीस तर सुलट, काठ बशीसारखे फाकले तर उलट. त्यात डाव्या डोळ्याला सिलिंडरचा नंबर, म्हणून तू खास घडणीची. गरगर फिरू नये म्हणून तुझ्यासारखीचं बूड मुद्दाम जड ठेवतात म्हणे. बूड जड असूनही एका जागी न बसणारी मंडळी मी बँकेत वीस वर्षं पाहते आहे, पण तुझी सर कोणाला नाही.

एक गोष्ट मात्र मला फार आवडली. चष्म्याला वजा साडेसहा असलेला नंबर लेन्सला वजा सहाच निघाला. भिंग बुबुळाच्या जवळ आलं की एवढ्या नंबरात तेवढा फरक पडतोच. सासूबाईंना मी सांगितलं, रोज गाजर खाल्लं.

घराणं तुझं मोठं आहे, हे कबूल. 1888च्या सुमारास झुरिकमध्ये अडोल्फ फिक नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरने काचेच्या लेन्स केल्या. आधी सशांना घातल्या, मग स्वतःला. (सशांनी काय मत दिलं ते सहज कळण्यासारखं आहे.) पुढे 1961च्या नाताळात प्रागमध्ये ओटो विख्तर्ले या रसायनशास्त्रज्ञाने घरच्या घरी, मुलाच्या जुळणीच्या खेळण्याच्या पट्ट्या-चाकं आणि सायकलचा डायनामो जोडून एक यंत्र उभं केलं आणि त्यावर तुझ्यासारख्या पाणी शोषणाऱ्या मऊ लेन्सा फिरवून काढल्या. पहिल्या खेपेला चार. एवढ्या हुशार माणसाची तू नात-पणती. आणि तुझं कर्तृत्व काय, तर बेसिनच्या जाळीवर बसून माझी गंमत बघणं.

आता तुझ्या अटी. तुला नळाचं पाणी चालत नाही. आमच्या घरात डोळ्याच्या प्रत्येक दुखण्यावर एकच औषध: "गार पाण्याचे हबके मार." आजीने तेच सांगितलं, आईने तेच, सासूबाई आजही तेच सांगतात. पण नळाच्या पाण्यात अकांथअमीबा नावाचा एक सूक्ष्म जीव असू शकतो. तो लेन्सच्या आड राहून बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात घुसला तर दृष्टीवर बेततं. म्हणून तुला घालून आंघोळ नाही, पोहणं नाही, डुलकी तर नाहीच. त्या पडद्यात रक्तवाहिन्या नसतात, तो प्राणवायू बराचसा थेट हवेतून घेतो, आणि तू त्याच्या तोंडावर झाकण होऊन बसतेस. हे ऐकल्यापासून रविवारी दुपारी आमटीभात खाऊन मी टक्क जागी असते. तुझ्यासाठी. पोटच्या पोरांसाठीही इतकी जागले नव्हते.

ठेच्याचं तर काय सांगू! नवव्या दिवशी हिरव्या मिरच्यांचा ठेचा केला, खलबत्त्यात, हाताने. नंतर साबणाने चारदा हात धुतले, लिंबू चोळलं. मिरचीचा तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, हे मला रात्री साडेदहाला कळलं, तुला काढायला बोट डोळ्याशी नेलं तेव्हा. उजव्या डोळ्यातून पाणी आलं. तुझ्या डोळ्यातून मी आले, म्हणजे किंचाळत बाहेर आले. सासूबाई धावत येऊन म्हणाल्या, "हबके मार!" बरं, तेवढ्यावर भागलं का? रात्रभर सोल्यूशनमध्ये पडून सकाळी तू जशीच्या तशी तिखट. उजवी पाण्यासारखी निवळली होती. तू डूख धरून बसलीस.

तेराव्या दिवशी तू हरवलीस. मोबाईलचे तीन टॉर्च लावून आम्ही बेसिन, पायपुसणं, माझा गाऊन, सगळं धुंडाळलं. तू कुठेतरी वाळून कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली असशील, म्हणून मुलाला जागचं हलू दिलं नाही. शेवटी खोक्यातली दुसरी काढून घातली, तर समोरचं कॅलेंडर आणखीच धूसर! नवऱ्याने माझी वरची पापणी उचलून पाहिलं. तू तिथेच होतीस, वरच्या कोपऱ्यात घडी घालून, पाहुणीसारखी लवंडलेली. दुसरी तुझ्याच शेजारी. 2017 साली बातमी आली होती की इंग्लंडमध्ये एका सदुसष्ट वर्षांच्या बाईंच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना एका डोळ्यात सत्तावीस लेन्सा सापडल्या होत्या. सतरांचा एक गोळा, मग आणखी दहा. बाईंना वाटत होतं, डोळा खुपतोय तो कोरडेपणामुळे आणि वयामुळे. तुम्हा लोकांना एकत्र कुटुंब फार प्रिय, हे मला तेव्हा समजलं. लेन्स डोळ्याच्या मागे जाऊ शकत नाही, मधे पातळ पडद्याची घडी आडवी येते, असं ती दुकानातली मुलगी म्हणाली होती. मागे जात नाही हे खरं. पुढे तरी कुठे येतेस?

खोटं बोलणार नाही, एक दिवस तू मला जिंकलंस. वेताळ टेकडीवरून उतरताना वळवाच्या सरीने गाठलं. चष्मा असता तर काचा पुसत, चाचपडत उतरले असते. त्या दिवशी ओलं गवत, लाल माती, पायवाटेवरचा ओघळ, आणि कानाच्या रेषेपर्यंत पसरलेलं जग, फ्रेमच्या काठाशिवाय. खाली टपरीवर चहा घेतला, वाफ थेट तोंडावर आली आणि समोरचं काही नाहीसं झालं नाही. तेहेतीस वर्षांत पहिल्यांदा मी चहा पिताना चहा पाहिला. हे तुझ्या खात्यावर जमा धरते.

आणि मग सांगलीचं लग्न.

भाचीसाठी मंगलाष्टक मी लिहिलं होतं. शार्दूलविक्रीडितात, यती सांभाळून, आठ रात्री जागून. मुहूर्त बारा छत्तीसचा. अंतरपाट धरला, गुरुजींनी मला खूण केली, मी कागद उलगडला आणि त्यावर मुंग्यांची रांग होती. हात लांब केला. आणखी लांब केला. कागद नवरदेवाच्या मुंडावळ्यांना टेकला, तरी अक्षर लागेना. चष्मा असताना अशा वेळी काय करायचं ते मला ठाऊक होतं: चष्मा कपाळावर, कागद नाकाशी. वजा साडेसहावाल्याला जवळचं बारीक अक्षर उघड्या डोळ्यांनी लख्ख दिसतं, तेवढी एकच ऐट देवाने आम्हाला दिलेली. पण तुला कपाळावर कसं चढवायचं? तू लांबचं सगळं दाखवत होतीस. कार्यालयाच्या पार टोकाला जिलबीच्या ताटावर बसलेली माशी मला दिसत होती. हातातलं माझंच अक्षर दिसत नव्हतं. वय त्रेचाळीस, ते तू झाकत नव्हतीस. उलट उघडं पाडत होतीस.

गुरुजी घड्याळ पाहू लागले. तेव्हा पहिल्या रांगेतून माझी आई उठली आणि गळ्यातली चाळशी काढून तिने माझ्या नाकावर चढवली. जांभळ्या दोरीची, डाव्या दांडीला चिकटपट्टी लावलेली. मंगलाष्टक झालं, 'सावधान' झालं, अक्षता पडल्या, फोटोग्राफरने मनापासून काम केलं. पंगत उठेपर्यंत चाळशी काढायचं मला सुचलंच नाही. परवा अल्बम आला. माझे सात फोटो आहेत. पाचांत आईचा चष्मा. उरलेल्या दोनांत चष्मा नाही, पण तू लाल केलेला डोळा आहे, आणि ते पाहून सासूबाईंनी विचारलं, "पाठवणीला इतकी रडलीस?"

तर निकाल असा. उद्या सकाळी दुकानात जाऊन मी नवी फ्रेम निवडणार आहे. वरून लांबचं, खालून जवळचं, अशा काचा. चष्मा रात्री उशाशी ठेवला की सकाळी तिथेच असतो, डोळ्यात बोट घालावं लागत नाही आणि ठेच्याचं त्याला वावडं नाही. क्वचित टेकडीवर, पावसात वगैरे जायचं झालं तर तुमच्यातलीच एका दिवसाची जात मिळते. सकाळी घालायची, संध्याकाळी टाकायची. खोक्यातल्या तुझ्या सख्ख्या बहिणी वहिनीच्या नंबरात बसत नाहीत म्हणून मी त्या तिला देऊ शकत नाही, एवढंच वाईट वाटतं.

तुझे अजून चार दिवस आहेत. ते डबीत काढ. कळावे, लोभ आवरता घ्यावा.

तुझी,
ढापणी

ता. क. उजवीला आशीर्वाद सांग. तिचं काही चुकलं नाही.